कीटक समाहारक

नेमणुकीच्या पत्रावर हा शब्द पहिल्यांदा वाचला
तेव्हा आप्पा म्हणाले, समाहारक म्हणजे
कोणीतरी मोठा साहेबच असणार.
मी म्हटलं, हो.
पिशवीत टॉर्च, पळी, ड्रॉपर, खडू.

सकाळी आठला खणभागात पहिली कडी.
"पाणी बघायचंय."
"कालच आलंय की नळाला, त्यात काय बघताय?"
बॅरलचं झाकण बाजूला करायचं, टॉर्च तिरकी धरायची,
सरळ धरली तर आपलंच तोंड दिसतं.
मग दिसतात त्या,
उलट्या टांगलेल्या, शेपटाच्या नळीनं श्वास घेणाऱ्या,
सावली पडली की
स्वल्पविरामासारख्या वळत वळत तळाला निघालेल्या.
मोजायच्या. बॅरल उपडं करायला सांगायचं. शिव्या ऐकायच्या.
दारावर खडूनं तारीख, की पुढचं घर.

"एवढं शिकून हे?"
बायका विचारतात, कुचकेपणानं नाही,
चहाला आधण ठेवता ठेवता.

आम्ही सतरा जण होतो झुऑलॉजीला.
निम्म्याहून जास्त डॉक्टरकीच्या दारातून परत फिरलेले;
हे वर्गात कोणी काढायचं नाही, असा न ठरवता ठरलेला नियम.
सुकुमार चौगुले आता कोंबड्यांच्या लसी विकतो,
तासगाव ते विटा, गाडीला बर्फाचा डबा बांधून.
घरात अंड्याचं नाव काढायची चोरी,
त्याची आई सांगते, पोरगा औषधात आहे.

विलास झोरे चांदोलीच्या जंगलात.
झाडांना कॅमेरे बांधतो, महिन्यानं कार्ड काढतो:
गवा, गवा, साळिंदर, स्वतःचाच गुडघा, गवा.
वाघ एकदाच. तोही अर्धा, मागचा.
त्याचा फोन आला तेव्हा मी मारुती रोडला
गटारावर वाकलेली.
"पट्टे मोजले," म्हणाला,
आणि मग बराच वेळ फोनमध्ये नुसता वारा.

रजिया मुजावर मिरजेत,
मूल न होणाऱ्यांच्या दवाखान्यातल्या थंड, बंद खोलीत.
रोज आठ पेशींचे गर्भ बघते.
"जर्नलात बेडकाचा काढायचो ना, तसाच गं," म्हणते,
"फक्त ह्याला आडनाव असतं."

बाकीचे हळदीच्या अडतीवर, बँकेत, एक पोलिसात.
एकीचा पत्ताच नाही.

परीक्षेत माझ्या झुरळाची लाळग्रंथी फाटली होती.
काचपट्टीवर नुसता चिखल.
मी आठवून काढायला लागले, पुस्तकातली,
दोन्ही बाजू सारख्या, नावं देऊन.
मागून उपाध्ये मॅडम म्हणाल्या,
"दिसतंय तेवढंच काढ."
मग काढला तो चिखल, टोकदार पेन्सिलीनं.
पन्नासात एकतीस.

गेल्या आठवड्यात साहेबांनी तक्ता परत पाठवला.
शंभर घरांत बावीस घरी अळ्या.
"फार दिसतायत. वर काय सांगू मी?
दहाच्या आत बसव."
नोकरी कंत्राटी, अकरा महिन्यांची,
दहावा चालू.
अर्धा तास तक्त्याकडे बघत बसले.
खोडरबरही होतं हाताशी.

मग परत त्याच गल्ल्या, तीच शंभर घरं.
कूलर, कुंड्या, फ्रिजच्या मागचा ट्रे,
एका माडीवर क्रिकेटच्या हेल्मेटात साचलेलं पाणी.
चोवीस निघाली.

चोवीस लिहिलं.

शेवटच्या घरी एक म्हातारबाबा
पळीत डोकावून म्हणाले, "ही कोणाची?"
"तुमचीच," म्हटलं.
दात नसलेलं हसले, मांजराला हाक मारावी तसं
तिला काहीतरी म्हणाले.
खडू भिजला होता, दारावर तारीख उमटेना.
बोटानंच गिरवली.